वहिनींची ड्युटी अजून संपलेली नाही

पत्र:

ताईंना नमस्कार. मी बेळगावातल्या वडगावचा. सरकारी बसवर कंडक्टर होतो. गेल्या वर्षी साठ पूर्ण झाली, निवृत्त झालो. गल्लीत अजून सगळे मास्तर म्हणूनच हाक मारतात. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, मुलगी निपाणीला दिली. घरी आम्ही दोघं आणि माझी आई, वय ८४.

जन्मभर पहाटेची गाडी, मुक्कामाची गाडी, सणाला जादा गाडी असंच चाललं. बायकोला कधी कुठे नेलं नाही. आता वेळ आहे, हातात चार पैसे आहेत. म्हटलं, रोज संध्याकाळी सहाला येळ्ळूर रोडला फिरायला जाऊ. तर म्हणते, "ह्या वयात हे काय काढलंय वो? लोक हसतील की." मोगऱ्याचा गजरा आणला, तो देवाला घातला. केरळच्या आठ दिवसांच्या सहलीची चौकशी करून आलो, तर दोन दिवस बोलली नाही. परवा शेजारणीला सांगत होती, "आमच्यांना म्हातारचळ लागलाय." राग नाही आला, पण वाईट वाटलं. बायकोला खूश ठेवावंसं वाटतं ह्यात माझं काय चुकतंय? का तिला आता माझी गरजच राहिली नाही?

आणखी एक. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ती जांबोटीला माहेरी माझ्याच गाडीनं गेली होती. गाडी खच्चून भरलेली. मी सगळ्यांसारखं तिलाही तिकीट फाडून दिलं आणि पुढे सरकलो. उतरताना तिनं वळून बघितलं, मी डबल बेल देऊन गाडी सोडली. हे कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर:

मास्तर, नमस्कार.

तुमचं काहीही चुकत नाही. साठी ओलांडल्यावर बायकोसाठी गजरा घेऊन घरी येणारा माणूस मला मनापासून आवडला, आणि वहिनींनाही आवडला असणार. म्हातारचळाचं तुम्ही मनाला लावून घेतलंत, पण त्या हे कुणाला आणि कसं सांगत होत्या ते बघा. नवऱ्याला खरोखर विटलेली बाई शेजारणीपुढे त्याचा विषयच काढत नाही. काढला तर तक्रार पैशांची असते, दारूची असते, तोंडाची असते. नवरा गजरा आणतो, फिरायला चल म्हणतो, ही बातमी गल्लीत पोचवायची तर आपल्याकडच्या बाईला ती तक्रारीच्या सुरातच पोचवावी लागते. सरळ कौतुक केलं तर "बघा काय मिरवायलीय" असं ऐकून घ्यावं लागतं. वहिनी हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा चेहरा तुम्हाला दिसत नव्हता ना? मला वाटतं, त्या हसत होत्या.

गजऱ्याचंही तसंच. तुम्ही तो आणून हातात दिलात तेव्हा त्या काय करत होत्या? चुलीपाशी असतील, अंगावर घरातलं पातळ असेल, केस तसेच वर बांधलेले असतील, आणि पुढच्या खोलीत सासूबाई बसलेल्या असतील. अशा वेळी गजरा माळून त्या कुठे उभ्या राहणार होत्या? तो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी देवाला वाहिला. पुढच्या वेळी दोन आणा. एक देवाचा आणि एक त्यांचा, आणि त्यांचा गजरा त्या बाहेर जायला निघतील तेव्हा द्या. बाहेर कसं निघायचं, ते पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. निवृत्त तुम्ही झालात. वहिनींची ड्युटी कालच्यासारखीच आज चालू आहे, उलट तुम्ही दिवसभर घरी असल्यामुळे एका माणसाचा दुपारचा चहा आणि जेवण वाढलंच आहे. इतकी वर्षं तुम्ही वेबिल, म्हणजे गाडीच्या फेऱ्यांचा आणि तिकिटांचा हिशेबाचा कागद, भरलंत. एक दिवस वहिनींचं वेबिल भरा. वहीचं एक पान घ्या, कुणाला सांगू नका, आणि त्या सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत काय काय करतात ते वेळ टाकून लिहा. पहाटे नळाला पाणी आलं तर किती वाजता उठल्या. आईंचं गरम पाणी कधी, आईंची पहिली गोळी कधी, तुमचा चहा कधी. कपडे कधी भिजवले, कधी वाळत घातले, कधी गोळा करून घडी केले, हे तीन वेगळे रकाने आहेत हं, एकात घालू नका. आईंना बाथरूमला हाताला धरून किती वेळा नेलं तेही लिहा. दुपारी टेकल्या असतील तर किती मिनिटं टेकल्या. मध्ये कुणी आलं का, पुन्हा चहा झाला का.

लिहून झालं की संध्याकाळच्या सहाच्या रकान्यावर बोट ठेवा. दिवाबत्ती, आईंचा चहा-बिस्कीट, त्यानंतरची गोळी, पायाला तेल, मग रात्रीच्या भाकरीचं पीठ. तुम्ही त्यांना येळ्ळूर रोडला बोलावताय ती नेमकी हीच वेळ. भाताच्या शेतांतून येणारा वारा मलाही आवडतो, पण आठच्या आत भाकरी व्हायची आहे, हे डोक्यात असलेल्या बाईला त्या वाऱ्याचं काय सुख? म्हणून त्यांनी लोकांचं नाव पुढे केलं. "मला कामं आहेत" म्हटलं असतं तर तुम्ही "राहू दे की कामं" म्हणाला असतात, आणि राहिलेली कामं परत आल्यावर त्यांनाच करावी लागली असती.

तेव्हा प्रेमाची सुरुवात येळ्ळूर रोडवरून करू नका. सहा ते आठ ह्या दोन तासांतलं एक अख्खं काम स्वतःकडे घ्या. अख्खं म्हणते, कारण "मदत करू का?" असं विचारून उभं राहणाऱ्या पुरुषाचा बाईला फार उपयोग होत नाही. चहाचा डबा कुठे, साखर किती, आईंना कोणता कप लागतो, हे सगळं तिलाच सांगत बसावं लागतं. मला विचाराल तर आईंचं घ्या. त्यांचा संध्याकाळचा चहा, गोळी, पायाला तेल आणि तासभर सोबत. गोळ्यांची नावं, किती वाजता, जेवणाआधी का नंतर, हे तुम्ही एकदा वहिनींकडून लिहून घेतलंत की पुन्हा विचारायला लागू नये. आगाराची सगळी वेळापत्रकं पाठ असणाऱ्या माणसाला हे जड नाही.

इथे एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवते. तुम्ही तेलाची वाटी घेऊन बसलात की आई म्हणतील, "तू कशाला रे करालास, ती हाय की." त्या वेळी वहिनी दारातच असतील आणि त्यांचे कान तुमच्या उत्तराकडे असतील. तेव्हा "तिला किती कामं पडतात" असं चुकूनही म्हणू नका. ८४ वर्षांच्या माउलीला त्यात सुनेची तक्रार ऐकू येईल आणि त्याचा त्रास वहिनींना होईल. असं म्हणा, "जन्मभर गाडीवरच होतो आई, तुझ्याजवळ बसायला मिळालं कुठं? आता बसतो." हे खरंही आहे. आईंचा विरोध तिथेच विरघळेल, आणि चार दिवसांनी त्याच गल्लीभर सांगतील की पोरगा पाय चेपतो.

पहिले काही दिवस वहिनींना ह्याचा आनंद होईल असं समजू नका. त्यांना संशय येईल. "बरं नाही काय तुम्हाला?" असं विचारतील. तुम्ही लावलेल्या चहाच्या भांड्यातून दूध उतू जाईल आणि त्या दोन शब्द बोलतील. ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. "बघ, मी केलं" असं सांगायला जाऊ नका, "आता तरी येतेस का फिरायला" असं तर मुळीच म्हणू नका.

आता लोकांचं. वहिनी ज्यांना लोक म्हणतात त्यातली निम्मी माणसं तुमच्याच घरात आहेत. त्या लग्न होऊन वडगावात आल्या तेव्हापासून सासूच्या देखत नवऱ्याबरोबर उगाचच बाहेर पडायची पद्धत त्या घरात नव्हती. बाहेर पडायला काम लागायचं. दळण, रेशन, लग्नाचा बस्ता, कुणाला दवाखान्यात बघायला जाणं. त्या पिढीतल्या नवरा-बायकोंनी एकमेकांशी मोकळेपणी जे काय बोलून घेतलं, ते ह्या कामांच्या वाटेवरच. आमच्या गल्लीत एक म्हातारं जोडपं आहे. हिवाळ्यात दोघं पायरीवर बसून पावटे सोलतात. आजोबा दाणे सोलून मुद्दाम आजीच्या ताटलीत टाकतात आणि आजी "तुमची ताटली तिकडं हाय" म्हणून रोज ओरडते. कुणी विचारलं तर ते दोघं पावटेच सोलत असतात. मला त्या घरात प्रेम कमी आहे असं कधी वाटलं नाही.

म्हणून वहिनींना निमित्त द्या, आणि ते त्यांच्या मनातलं असू द्या. त्या सोमवारी कपिलेश्वराला जातात का? जात असतील तर शेजारणीबरोबर जात असतील. एखाद्या सोमवारी ती शेजारीण नसेल, त्या दिवशी तुम्ही पिशवी उचला आणि म्हणा, "येताना भाजी आणायची आहे, मीही येतो." देवाला जाणाऱ्या बाईला सासू अडवत नाही आणि गल्ली हसत नाही. गजरा द्यायची वेळ हीच. येळ्ळूर रोडला वडगावचं अर्धं गाव तुम्हाला "काय मास्तर?" म्हणून थांबवणार आणि वहिनी पदर सावरत दोन पावलं मागे राहणार. कपिलेश्वरावरून पुढे नरगुंदकर भावे चौकात भाजी घ्यायला गेलात, तर त्या गर्दीत तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे? भाजीचा भाव वहिनींना करू द्या. तुम्ही पिशवी धरा. परतताना दोघांनी कुठेतरी उभ्याउभ्याने मिरची भजी खाल्लीत आणि घरी आईंसाठी थोडं मऊ काही बांधून नेलंत, तर पुढच्या सोमवारचं बोलणं वहिनीच काढतील.

चालताना काय बोलायचं, ह्याची काळजी करू नका. त्या बोलतात तेव्हा ऐकायचं, एवढं पुरे, आणि हे मी समजूत काढायला सांगत नाही. अमेरिकेतले जॉन गॉटमन हे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं नवरा-बायकोंच्या साध्या बोलण्याचा अभ्यास करत आले. नुकतंच लग्न झालेल्या जोडप्यांना त्यांनी घरासारख्या खोलीत ठेवून त्यांचं बोलणं टिपलं. "बाहेर बघा, कसला पक्षी आलाय" अशी छोटी हाक एकाने दिली की दुसरा मान वर करून उत्तर देतो की नाही, एवढंच मोजलं. सहा वर्षांनंतर जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा उत्तर दिलेलं होतं. जी वेगळी झाली, त्यांनी ३३ वेळा. त्यात गजरे मोजलेले नव्हते, सहली मोजलेल्या नव्हत्या.

वहिनी दिवसात तुम्हाला किती हाका देत असतील बघा. "आमटी तिखट झाली काय बघा." "पाऊस येईल वाटतं." "त्यांच्या पोरीचं जमलं म्हणे." तुम्ही पेपर वाचत असता, मान वर न करता "हं" म्हणता. ती बाई तुम्हाला बोलवत असते, मास्तर. तिच्या बाजूने तिने फिरायला चला असंच म्हटलेलं असतं. पेपर खाली ठेवा आणि विचारा, "कुणाशी जमलं?" त्या पाच मिनिटं सांगतील. तुम्हाला आपली गरज आहे का हे त्यांना तिथे कळतं, आणि त्यांना तुमची गरज उरली का, ह्या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तुम्हाला तिथेच मिळेल.

जांबोटीच्या गाडीचं तुम्ही इतकी वर्षं मनात ठेवलंत, म्हणून त्याला वेगळं उत्तर देते. ड्युटीवरचा माणूस भरलेल्या गाडीत दुसरं काय करणार होता? सगळ्यांसमोर बायकोशी बोलत थांबला असतात तर तिलाच लाज वाटली असती. पण तुम्हाला थांबावंसं वाटलं होतं, हे तिला अजून ठाऊक नाही. ते तिला सांगा. मला सांगून उपयोग नाही.

आणि सांगायचं तर त्याच वाटेवर सांगा. मे महिना आहे, तिकडे फणस-काजूचे दिवस आहेत, माहेरी जायला ह्याहून चांगलं निमित्त नाही. सकाळची साधी गाडी धरा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना आपल्या कर्नाटकातल्या साध्या सरकारी गाड्यांतून फुकट प्रवास आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार, त्यातली शून्य तिकिटं तुम्हीच फाडलीत. ह्या खेपेला वहिनींना शून्य तिकीट मिळेल आणि पैसे तुम्हाला मोजावे लागतील. खिडकी त्यांना द्या. तुम्ही ह्या रस्त्यावर हजार वेळा उभ्याने गेला आहात, त्यांच्या शेजारी बसून वाटेवरची किणये, कुसमळी ही गावं एकदा बघा. "त्या दिवशी गाडी भरली होती, मला तुझ्याशी बोलायचं होतं," एवढंच वाक्य पुरे. त्या म्हणतील, "मला कुठलं आठवायला." आठवत असतं.

माहेरी जेवून वेळ उरला तर पुढे कणकुंबीपर्यंत जा. मलप्रभा तिथे उगम पावते आणि थेट कूडलसंगमाला जाऊन कृष्णेला मिळते. पण ही माहिती तुम्ही सांगू नका. तो मुलूख त्यांचा आहे. लहानपणी कुणाबरोबर गेल्या होत्या, जत्रेत काय घेतलं होतं, कुठल्या पायरीवरून पडल्या होत्या, हे त्यांना सांगू द्या. इतकी वर्षं गाव त्यांना तुमची बायको म्हणून ओळखतं. तिकडे गेल्यावर तुम्ही त्यांचे यजमान म्हणून ओळखले जाल, त्यात बाईला केवढा आनंद असतो ते त्यांच्या चालण्यातच दिसेल. पावसाआधी जा मात्र. एकदा मृग लागला की त्या भागात पाऊस उसंत देत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुम्हाला काय वाटतं, काय द्यायचं आहे, किती दिवसांची सहल आहे, सगळं आहे. वहिनींना काय आवडतं ह्याची एक ओळ नाही. त्या कुठलं गाणं गुणगुणतात? गोड आवडतं की तिखट? सणाला घरी कुंदा आला तर आपल्या वाट्याचा खातात की नातवंडांसाठी ठेवतात? आता तुम्ही दिवसभर घरी आहात, हळूहळू कळेल. विचारलंत तर "मला काय, काही चालतं" असं उत्तर येईल. त्यावर थांबू नका. जे चालतं आणि जे आवडतं त्यातला फरक त्यांच्या ताटात बघा.

यंदा तुमची एकसष्टी असेल. आईंच्या कानावर हा विषय घाला, त्या हौसेने उठतील. होम करा किंवा नुसती घरगुती पूजा करा, पण त्या दिवशी कितीतरी घरांत नवरा-बायको पुन्हा एकमेकांना हार घालतात. मुलगा, मुलगी, भाऊबंद समोर असतात, सासूबाई स्वतः "घाल की हार" म्हणतात, आणि कुणी हसलं तर ते आनंदाने हसतं. वहिनींना लाज वाटेल, वाटू द्या. नवी साडी मात्र त्यांच्याबरोबर जाऊन त्यांच्याच पसंतीने घ्या. शहापूरच्या खडेबाजारात अख्खी दुपार गेली तरी "झालं काय?" म्हणून घड्याळ बघू नका.

राहिलं केरळ. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत, त्याचं कारण मला आठ दिवस ह्या शब्दांत दिसतं. आठ दिवस आईंना कोण बघणार, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? तुम्ही मोकळ्या मनाने ठरवलंत आणि सगळी काळजी त्यांच्या पदरात पडली. "जायचं नाही" म्हटलं तर तुमचं मन मोडतं, "जाऊ" म्हटलं तर सासूला टाकून गेली असं होतं. त्यांनी तोंड मिटलं ह्यात नवल नाही. चौकशीचा कागद फाडू नका, कपाटात ठेवा, आगाऊ रक्कम भरू नका. आषाढात वडगावच्या मंगाईदेवीच्या जत्रेला निपाणीची लेक येईलच. तेव्हा तिघांनी बसून विचारा, ती आजीजवळ किती दिवस राहू शकते. चार म्हणाली तर चार दिवसांचंच ठरवा. एकदम केरळ नको वाटलं तर आधी एक रात्र कोल्हापूर करून या, अंबाबाईचं दर्शन होईल आणि आई एक रात्र तुमच्याशिवाय कशा राहतात तेही कळेल. ते जमलं की डिसेंबर-जानेवारीत केरळला हवा चांगली असते. तारीख वहिनींना ठरवू द्या.